सीझनपुरतं

"रंगावर जाऊ नका साहेब. रंग तं कोणीबी मारते."

जुना ट्रॅक्टर समोर आला की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हे. मग खिशातलं फडकं काढून ते आधी स्वतःचा हात पुसत आणि डोळे मिटून अंगठा लोखंडावरून फिरवत. ओतकामात उठलेले आकडे, बोल्टांचे आटे, वेल्डिंगचा व्रण. पाच मिनिटांत सांगत, इंजिन कुठल्या मॉडेलचं, गिअरबॉक्स कुठला, मागचा धुरा कुठून आणून बसवलेला.

मी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेली वाहनं तपासतो. तुम्ही रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर पाहता तेव्हा तुम्हाला तो एक दिसतो. पण कित्येकदा ते तीन-चार ट्रॅक्टर असतात. अशा वेळी मी कामठी रोडवर मेट्रोच्या खांबांमागे असलेल्या मिस्त्रींच्या वर्कशॉपात जायचो आणि त्यांना गाडीत घालून न्यायचो. वय सत्तरीच्या पुढे, डाव्या कानानं ऐकू येत नसे, त्यामुळे गाडीतही ते शेताच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलत.

गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं हौसेनं शेती घेतली आणि "जवळपास नवा" ट्रॅक्टर आणला. मिस्त्री त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"समोरून नवरदेव, मंधात सासरा, मांगं आजोबा. शेटजी, तुमी तं पुरी वरातच आणली!"

शेटजी आधी चिडले, मग हसले आणि मिस्त्रींना पोटभर जेवू घातलं.

अशी जोडकामं त्यांनी स्वतःही आयुष्यभर केली होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणाचा ट्रॅक्टर बंद पडून वर्कशॉपात आला, तर पार्ट मिळत नाही म्हणून त्यांनी कधी परत पाठवला नाही. दुसऱ्या मॉडेलचा काढून, घासून, जुळवून बसवत. "चिखल तुह्यासाठी थांबते का गा? सीझनपुरतं करून देतो. सीझन झाला का घेऊन येजो." लोक हो म्हणत. ट्रॅक्टर चालत राहायचा, आणि कोणी परत येत नसे.

तीन वर्षांपूर्वी रामटेककडच्या एका गावात कालव्याच्या पाळीवरून उतरताना ट्रॅक्टर उलटला. चालवणारा पस्तिशीचा शेतकरी जागीच गेला. ट्रॅक्टर पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवला होता. इंजिनचा नंबर कागदाशी जुळत नव्हता, म्हणून मी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्या माणसाची बायको तिथं कडुनिंबाखाली बसली होती.

मिस्त्रींनी हात पुसला. इंजिन ओळखलं, गिअरबॉक्स ओळखला. मग मागच्या चाकाशी बसले. डाव्या ब्रेकच्या लोखंडी घरावरून त्यांचा अंगठा फिरला आणि एका जागी थांबला. त्यांनी ती जागा फडक्यानं पुसली.

"काय झालं मिस्त्री?"

"हे तीन ठिपके दिसून राहिले तुमाले? पंचनं मारलेले?"

"हो."

"माहे हायेत. जोडकामाची माही खूण."

बारा-तेरा वर्षांपूर्वी कोणा दुसऱ्याच मालकासाठी त्यांनी तो डावा ब्रेक वेगळ्या मॉडेलचा बसवला होता. सीझनपुरता. पुढे ट्रॅक्टर विकला गेला, पुन्हा विकला गेला, दोनदा रंगवला गेला. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र दाबले की एक बाजू आधी धरायची आणि ट्रॅक्टर तिकडे वळायचा.

मी हळूच म्हणालो, "हे मला लिहायची गरज नाही. नंबर जुळत नाही, तेवढं पुरे."

"लिहा," ते म्हणाले. आणि माझी वाट न पाहता कडुनिंबाखाली गेले, त्या बाईसमोर जमिनीवर बसले.

"माय, तुह्या मालकाचा ट्रॅक्टर माह्या हातानं उलटला. ब्रेक मीनं चुकीचा लावला होता."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. तिनं विचारलं, "म्हंजे ते पिऊन नोहते?"

"काहून, कोण म्हणते असं?"

"सारं गाव म्हणते, काकाजी. पिऊन चालवत होता म्हणून मेला म्हणते. घरून चहा पिऊन निघाले होते ते. माहं कोणीच आयकत नाही." मग तिनं पदर तोंडाशी नेला. "तुमी गावात येऊन सांगाल का?"

आम्ही त्याच दुपारी गेलो. पारावर वीसेक माणसं जमली. मिस्त्री हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "त्याची चूक नोहती. तो शुद्धीत होता. चूक माही हाय." एका म्हाताऱ्यानं त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं, पण प्यायले नाहीत.

विम्याचा दावा नामंजूर झाला, कारण कागदावरचा ट्रॅक्टर आणि उलटलेला ट्रॅक्टर एक नव्हते. अहवालावर सही माझी होती.

मिस्त्रींनी वर्कशॉप बंद केलं. पिशवीत पाने-पकडी भरून ते एसटीनं गावोगाव जाऊ लागले. आपण सीझनपुरता जोडलेला एकेक ट्रॅक्टर आठवून शोधायचा आणि नीट करून द्यायचा. लोक वैतागायचे. "चालून राहिला ना चांगला, काहून खोलता?" काहींनी हाकलून दिलं. मी त्यांना म्हणालो, "किती ठिकाणी जाल? सगळे आठवतात तरी का?"

"सारे नाही आठवत," ते म्हणाले. "तेच तं हाय ना साहेब."

गेल्या मे महिन्यात मौद्याकडच्या एका गावातून फोन आला. मिस्त्रींच्या खिशात माझं कार्ड सापडलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांना आंब्याखाली खाटेवर निजवलं होतं, अंगावर चादर होती. ऊन सोसलं नाही. काम करता करताच कलंडले, असं ट्रॅक्टरचा मालक सांगत होता. त्यांची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. पुढचं सगळं मलाच करायचं होतं.

शेजारी ट्रॅक्टर उभा होता, मागचं एक चाक काढलेला. पोत्यावर ब्रेकचे सगळे भाग डिझेलनं धुऊन ओळीनं मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"साहेब," मालकानं दबक्या आवाजात विचारलं, "हे आता कोण जोडन?"

वीस वर्षं मी ट्रॅक्टर तपासतो आहे. मला जोडता येत नाही.

वारा सुटला होता, धूळ उडत होती. आम्ही दोघांनी त्या भागांवर ताडपत्री ओढली आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.