दिमित्तेरे म्हणजे हाकलणे

दुपारी सुकटीचं कालवण आणि भात चापून मी आडवा होतो. छातीवर लॅटिनचा कोश उघडा आहे, रद्दीवाल्याकडून उचललेला, पुठ्ठा गेलेला. पंखा फिरतोय. अक्षरं ओल धरल्यासारखी फुगतात आणि पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

उशाशी फादर तुस्कानो उभा आहे. दोन वर्षांपूर्वी पुरलेला माणूस. झगा पांढरा, इस्त्री कडक. लिहिताना मी त्याला अरेतुरे करतो. तोंडावर अजून जमत नाही.

"कुठला शब्द काढलास, बस्त्याव?"

"दिमित्तेरे. तुमचाच."

"उच्चार चुकतोय."

मेला तरी खोड गेली नाही.

"सेमिनरीत शिकला नाहीस, म्हणून."

"सेमिनरीत शिकून पाद्री झालेले काय करतात ते बघून घरीच शिकलो, फादर."

तो खाट ओलांडून पुढे जातो, मी मागे. खोलीला भिंती नाहीत, केळीची बाग आहे. पाटाला पाणी सोडलंय. फादर झगा वर धरून चिखलातून चालतो. पाय अगदी बारीक आहेत. हयातभर झग्याखाली हेच होतं तर.

या माणसाने काय केलं ते सांगतो. माझे वडील, इनास, आमच्या वसईच्या गावात चर्चची घंटा वाजवायचे. कुणी गेलं की मयताची घंटा. ती ऐकली की बागेतला माणूस हातातलं काम ठेवून जाणाऱ्यासाठी प्रार्थना म्हणायचा. गावातला फ्रान्सू मेला तेव्हा फादर म्हणाला, याची घंटा वाजणार नाही. हा बाईला लग्नाशिवाय घरात ठेवून जगला. बाबांनी वाजवली. आख्ख्या गावाने फ्रान्सूसाठी प्रार्थना केली.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर फादरने बाबांना सगळ्यांसमोर बोलावलं आणि म्हणाला, "दिमित्तो ते, इनास."

जुन्या लॅटिन प्रार्थनांतून बाबांना त्या शब्दाबद्दल एवढंच माहीत होतं, की देव पापं माफ करतो तिथे हा शब्द येतो. बाबा गुडघ्यावर बसले, कपाळाला हात लावून क्रूस केला आणि म्हणाले, "आमेन." लोकांनी पाठ थोपटली. आईने कोंबडी कापली. दुसऱ्या सकाळी बाबा गेले तर मनोऱ्याच्या दाराला नवं कुलूप आणि वर कर्णा. घंटा आता कॅसेटवर वाजणार होती.

"आमेन म्हणाला तो," फादर म्हणतो. "मी काय करणार?"

"त्याला मराठीत सांगायचं होतं."

"लॅटिनमध्ये त्या शब्दाला छटा आहेत, बस्त्याव."

छटा! मी कोशातल्या सगळ्या वाचल्यात. सैन्य मोडून घरी पाठवणे. बायको टाकणे. चाकराला काढणे. कैदी सोडणे. हातातली वस्तू सोडणे. आणि खाली, शेवटी, माफ करणे. सगळं एकाच क्रियापदात. ज्याच्या मुठीत दुसऱ्याचं पोट असतं त्याचीच अशी भाषा होते. हाकललं काय, माफ केलं काय, त्याचा हात तेवढाच हलतो. आणि असल्या भाषेचं कौतुक करणारे आमचे विद्वान! त्यांना कुणी कामावरून काढलं, तर त्याचीही व्युत्पत्ती सांगत बसतील.

केळीच्या ओळी संपतात आणि आम्ही विहिरीच्या पायऱ्या उतरतो. उतरतो, पण वर पोचतो. मनोरा. दोर लोंबतोय, काथ्याचा, बाबांच्या हातांनी काळा पडलेला.

फादरला धाप लागली आहे. "माझी घंटा अर्धीच राहिली रे."

ते खरं आहे. त्याच्या मयताला त्याच्याच कर्ण्यावर घंटा लावली, मधेच लाईट गेली. कमिटीवाले जनरेटर शोधत धावले. लोकांना वाटलं झाली. सगळे प्रार्थना अर्ध्यावर सोडून कामाला लागले.

"मग अडकलात?"

"तू इनासचा मुलगा. एकदा वाजव."

"आधी सांगा त्या दिवशी काय केलंत. मराठीत."

"मी त्याला मोकळं केलं."

"मराठीत, फादर."

"सेवेतून... निवृत्त..."

"चला, मी जातो."

"हाकललं!" तो ओरडतो. कबुतरं उडतात. "इनासला मी हाकललं. पोटावर मारलं त्याला."

माफी मागत नाही. मागणारच नाही, त्या जातीचा माणूस नाही तो. पण तोंडातून एकदाचं आमच्या भाषेत निघालं.

मी दोर ओढतो. घंटा मुकी. मी जोर लावून लटकतो, तरी मुकी. मागून बाबांचा आवाज येतो, कंटाळलेला: "अरे गाढवा, धरून काय ठेवलायस? सोड की."

सोडतो. दोर तळव्यातून भाजत वर जातो आणि पहिला टोला पडतो.

पंखा बंद आहे. अंग घामाने भिजलंय. दारात रेजिना, माझी बायको, पुठ्ठ्याने वारा घेत उभी.

"लाईट केव्हाची गेलीय. हाताला काय झालं?"

तळव्यावर लाल वळ आहे आणि त्यात काथ्याचे दोन तंतू रुतलेत. घरात सगळा दोर नायलॉनचा.

"घंटा वाजवली."

"कुणाची?"

"तुस्कानोची."

ती सवयीने कपाळाला हात लावून क्रूस करते. "आमेन," म्हणते.

मी छातीवरचा कोश मिटतो.