स्क्रीनवर बरोबर दिसणारं पुस्तक

श्रीवर्धनच्या आमच्या शाळेत आठवीत एक अंध मुलगी होती. तिच्यासाठी भूगोलाचं पुस्तक ब्रेलमध्ये करायचं काम मी अंगावर घेतलं. छापखान्याकडून आलेली फाईल ब्रेलच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि पहिलं पान ब्रेलमध्ये छापून तिच्या हातात दिलं. दोन ओळींवरून बोटं फिरवून ती म्हणाली, "बाई, हे मराठी न्हाय."

फाईल जुन्या फॉन्टमधली होती. दिसायला मराठी, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं, आणि ब्रेलमध्ये तीच उतरली होती. मी छापखान्यात फोन लावला.

"मॅडम, स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय," तिकडचा माणूस म्हणाला.

"वाचणारीला स्क्रीन दिसत नाही हो!" मी ओरडले. त्याने फोन ठेवून दिला.

मग सगळं पुस्तक मीच पुन्हा टाइप केलं. जिथे 'नकाशा पाहा' होतं, तिथे नकाशात काय आहे ते शब्दांत लिहिलं. पुस्तक तयार होईपर्यंत सहामाही उरकली होती आणि ती भूगोलात नापास झाली होती. तिचं प्रगतिपुस्तक मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटलं.

"पुस्तकच न देता नापास कसं करता?"

त्यांनी तिची परीक्षा पुन्हा घेतली. ती पास झाली. मला आनंद झाला, पण छापखान्यातल्या त्या माणसाचा आवाज आठवला की अजून डोकं तापतं.