विचारलं तेवढंच सांगा

ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी रत्नागिरीत लोकांना नोकरी कशी मिळवावी याचा सल्ला देत असे. वय पंचवीस, शिक्षण बारावी आणि टायपिंग, आणि स्वतःला कायमची नोकरी नाही. हे कुणालाच खटकलं नाही. अर्ज करण्याचा माझ्याइतका अनुभव आसपास दुसऱ्या कुणाला नव्हता.

आमचं मार्गदर्शन केंद्र म्हणजे एका वाचनालयामागची खोली. एक संस्था ते चालवायची आणि सरकारी अनुदान दरवर्षी नव्याने मंजूर व्हायचं. माणसं दोनच. एक मी, दुसरे कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणत. काकांना नियम तोंडपाठ होते आणि माणसांचा कंटाळा होता, त्यामुळे माणसं माझ्या वाट्याला आली.

येणाऱ्या बहुतेक बायाच. घरचे पुरुष मुंबईला, म्हणून सरकारी कागद बायांच्या गळ्यात. पोराचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, विधवांच्या अनुदानाचा फॉर्म. ते कार्ड ठरावीक मुदतीत नवं करून घ्यावं लागे, नाहीतर नंबर जाई. बाया ते देवाच्या तसबिरीमागे इतकं जपून ठेवत, की मुदत टळून गेल्यावरच बाहेर काढत. मग मी ओरडत असे, त्या ऐकून घेत, आणि उठताना टेबलावर पानात बांधलेले काजूगर ठेवून जात.

अर्ज भरण्यापेक्षा जास्त कष्ट मी एका गोष्टीवर घेतले. लोकांना गप्प बसायला शिकवण्यावर. एका बाईला अनुदानासाठी कचेरीत विचारलं होतं, घरी कोण कोण आहे. तिने शेळी, सहा कोंबड्या आणि दिराची आंब्याची कलमंही सांगितली. समोरच्याने ती सगळी उत्पन्नात धरली आणि अर्ज फेटाळला. तेव्हापासून मी प्रत्येकीला बजावत असे, "विचारलं तेवढंच सांगा. फाईल घेऊन आलेल्या माणसासमोर मिळतंय, बरं चाललंय, असं चुकूनही बोलू नका."

हा उपदेश लगेच रुजला, कारण जमीन तयारच होती. आमच्याकडे सुख सांगायची पद्धत नाही. आंब्याच्या पेट्या भरता भरता माणूस म्हणतो, यंदा काही खरं नाही.

एका वर्षी पत्र आलं. केंद्र चालू ठेवावं की नाही हे ठरवायला मुंबईहून साहेब येणार, आणि ज्यांना फायदा झाला अशा लोकांना ते भेटणार. मी उत्साहाने पोस्टकार्डं लिहिली. "अमुक तारखेला साहेब येणार आहेत, जरूर यावे." कशासाठी, ते लिहिलं नाही. आपल्यावर एवढी माया करणाऱ्या बायांना ते वेगळं सांगायला हवं, असं मला वाटलंच नाही. काका म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण करून घेत्येस." मला वाटलं, सवयीने बोलतायत.

अठरा बाया आल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, भिंतीला टेकून ओळीने बसल्या. साहेबांनी फाईल उघडली, आणि अठरा चेहरे एकदम बंद झाले.

"केंद्राचा काही फायदा झाला?" साहेबांनी पहिलीला विचारलं.

"कसला फायदा, सायेब. आमचा आपला चाललाय."

"मुलाला नोकरी लागली?"

"आता कुठं तरी जातो खरा."

कुठं तरी जाणारा तो मुलगा सरकारी खात्यात कायम होता. त्याचा अर्ज मी तीनदा टाइप केला होता. दुसरीला काही माहीत नव्हतं. तिसरी म्हणाली, ती सहज बाजाराला आली होती. साहेब भला माणूस असावा, कारण त्यांनी अठराही जणींना विचारलं आणि अठरा वेळा 'नाही' असं लिहिलं. काका छताकडे बघत होते. माझी शिकवणी इतकी उत्तम झाली असेल, याची मला कल्पना नव्हती.

साहेब चहा घेऊ लागले तशी मी बायांना बाहेरच्या पडवीत घेऊन गेले आणि भडकले. "तोंडं शिवली होती काय तुमची? एवढं केलं ते सगळं पाण्यात!"

"तूच बोललीस ना बाय," एक जण शांतपणे म्हणाली. "इचारला तेवढाच सांगा."

भाट्याच्या खाडीपलीकडून येणारी एक विधवा बाई होती. नारळाच्या बागेत मजुरीला जायची. मी तिला काकी म्हणत असे. तिने विचारलं, "म्हंजे ह्या आता बंद व्हनार?"

"होणार. मीही घरी बसणार."

"मंग आमचे कागद कोन वाचनार?"

काकीने पदर खोचला आणि ती आत गेली. मी दारापर्यंत तिच्या मागे गेले. ती काय करणार हे मला कळलं होतं. तिला विधवांचं अनुदान मिळत होतं, आणि मुलगा कमावता असला तर ते मिळत नाही. मुलगा लोट्याच्या एका कंपनीत लागल्याचं तिने कचेरीत कळवलं नव्हतं. कळवलंस का, असं मीही विचारलं नव्हतं. तिला थांबवायला एक हाक पुरली असती. मी ती मारली नाही. मला माझी नोकरी हवी होती. याची मला आजही लाज वाटते.

"सायेब, लिवा," काकी म्हणाली. "माजा पोरगा लोट्याला कंपनीत हाय. ह्या बायनी अर्ज भरलान म्हनून लागला."

काका मोठ्याने खोकले. तिने लक्ष दिलं नाही.

"तुम्हाला अनुदान मिळतं का?" साहेबांनी विचारलं.

"मिळता."

"मुलगा कमावता असताना?"

"मंग आता काय सांगतंय मी?"

त्यांनी नाव विचारलं. तिने नाव, गाव, मुलाचं नाव आणि त्याची पाळी कोणती तेही सांगितलं. मग एकेक करून बाकीच्या आत आल्या. साहेबांची एसटी चुकली.

केंद्राला मुदतवाढ मिळाली. माझं मानधनही चालू राहिलं. दोन महिन्यांनी काकी एक पाकीट घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ते मी वाचलं. अनुदान बंद झालं होतं. मला रडू आलं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

"तू रडतेस कशाला? पुढं काय लिवलंय ता वाच."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा उठून कुणाला तरी खुर्ची दिली. नियमांचं पुस्तक काढून म्हणाले, "अपील होतं." मुलगा कंत्राटी होता, वर्षातले काही महिने त्याला घरी बसवत, तेवढाच मुद्दा होता.

"मिळेलच असं नाही, काकी," मी म्हटलं.

"भर तर खरा. त्याच्यासाठीच उघडा ठेवलाय ना?"

अपील फेटाळलं गेलं. पुन्हा केलं, तेही फेटाळलं. काकी मात्र दर बाजाराच्या दिवशी येत राहिली. प्रत्येक वेळी गावातली एखादी नवी बाई बरोबर असायची. मी काकीची फाईल काढायला लागले, की ती त्या बाईला पुढे ढकलून म्हणायची, "माजा ऱ्हाऊ दे, बाय. हिचा आधी बघ."