उके मॅडमच्या नावावरची माझी चूक

उके मॅडमची आणि माझी पहिली भेट गोंदियातल्या आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात झाली. मी रुजू व्हायला गेलो, तर त्यांनी खुर्चीआधी सर्व्हरची फाइल दाखवली. प्रवेशाचं संकेतस्थळ जावाच्या सर्व्हरवर चालायचं. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, थांबलेल्याची किती वेळ वाट पाहायची, हे त्या कनेक्टर फाइलीत ठरायचं. प्रत्येक बदलाच्या वर मॅडमनी कारण आणि नाव लिहून ठेवलं होतं. "इथं हात लावला का नाव लिहाचं, भाऊ," त्या म्हणाल्या. मला ती कारकुनी वाटली. नवा होतो, अतिशहाणाही होतो.

प्रवेश सुरू झाले आणि नवेगाव बांधच्या एका मुलीचा फोन आला. "सर, फारम भरून राहिली, तं मधातच तुटून जाते." तिकडचं नेटवर्क बेताचं. मला वाईट वाटलं. मी वाट पाहण्याची मुदत वीस सेकंदांवरून थेट दहा मिनिटं केली. वर नाव मात्र लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी भर दुपारी संकेतस्थळ ठप्प झालं. मॅडमनी सर्व्हरवर देखरेख ठेवायची स्क्रीन उघडली. "पाहा, नेट तुटलेलेच साऱ्या जागा अडवून बसले हायेत, अन् काम कोणीच करून नाही राहिलं." मग त्यांनी फाइल पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात प्राचार्य आले. "किसने किया ये?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"फाइल माझ्या ताब्यात हाय, सर. चूक माझी," मॅडम म्हणाल्या.

लेखी खुलासा त्यांनी दिला. प्रवेशाची मुदत एक दिवस वाढवून घेतली आणि अडकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः फोन केला. त्या मुलीचाही अर्ज भरला गेला. मला त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीची काळजी केली, बरं केलं. पण नाव काऊन नाही लिहिलं?"

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून या लेखासाठी परवा ती फाइल उघडली. त्या ओळीवर अजून होतं: 'मुदत पुन्हा वीस सेकंद. चूक : उके.' ते नाव खोडून मी माझं लिहिलं. या गौरवग्रंथाच्या साऱ्या वाचकांनाही ते कळावं.

मॅडम, आपली प्रकृती ठणठणीत राहो आणि आपण खूप वर्षं आम्हाला असंच 'काऊन' विचारत राहावं. त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. मी भ्यालो होतो.