मागून म्हणणारी माणसं

नागपूरच्या विमानतळावर आईने अगदी शेवटच्या क्षणी माझ्या हँडबॅगेत पांढरी साडी कोंबली. "रविवारी विहारात जात जा. नुसती झोपून नको राहू," म्हणाली. दादा, तू खो खो हसलास, कारण माझी झोप तुला ठाऊक होती. ती साडी इकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरी कपाटात घडी न मोडता पडून राहिली. रविवारी लाँड्री असायची, लेकीचं, मैत्रेयीचं, सॉकर असायचं. शिवाय इकडे कुठलं आलंय विहार, असं मी आईला फोनवर ठासून सांगायचे.

आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला. अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिले. तिच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र घरात बसवेना. शिकागोतल्या एका गल्लीत जपानी लोकांचं छोटंसं बौद्ध मंदिर सापडलं. फोन करून विचारलं, साडी नेसले आणि लेकीला घेऊन गेले.

आत लाकडी बाकं, कोपऱ्यात ऑर्गन आणि मोजकी म्हातारी माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. मी एकटी पांढरीशुभ्र.

"मॉम, एव्हरीवन इज इन ब्लॅक," मैत्रेयी कुजबुजली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेजारच्या जपानी आजींनी माझा पदर हलकेच चाचपला आणि "ब्यूटिफुल" म्हणाल्या.

तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं, आईसाठी तुमच्या पद्धतीने काही म्हणाल का? मी उभी राहिले. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं आणि सवयीने थांबले. आपल्या विहारात आई पुढे म्हणायची आणि सगळी वस्ती मागून. मी जन्मभर मागून म्हणणाऱ्यांतली. तिथे पुढे आई नव्हती आणि मागे कुणीच नव्हतं. आईची इतकी आठवण आली की पुढची ओळ सुचेना.

तेवढ्यात मैत्रेयीने म्हटलं, "बुद्धम सरनम गच्छामी." अडखळत, इंग्रजी वळणाने. तिला मी कधी शिकवलंच नव्हतं, पण मागून म्हणायला यावं कशाला लागतं? मग आजींनीही सूर लावला. त्यांच्या मंदिरातही ते म्हणत, त्यांना ते पाठच होतं.

घर म्हटलं की हल्ली मला आपण थांबल्यावर मागून येणारा तो आवाजच आठवतो. दादा, तूच सांगितलंस, गुडघे गेल्यापासून आई वंदना घरीच म्हणायची. तू ड्यूटीवर, मी इकडे. प्रत्येक ओळीनंतर ती थांबत असायची का, हे तुला विचारायचं धाडस मला अजून होत नाही.