बांध निम्मा असताना

दुष्काळाच्या त्या वर्षी मी माढ्याजवळच्या एका पाझर तलावाच्या कामावर ओव्हरसियर होतो. वय तेवीस. मातीचा बांध निम्मा उठला होता. जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा अजून खणायचा राहिला होता. मजुरांची पालं बांधाखाली ओढ्यातच होती, कारण प्यायचं पाणी तिथल्या झऱ्यालाच मिळे.

एके दिवशी सोलापूरहून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं बातमी आणली: आता विमानातून ढगांत मीठ फवारून पाऊस पाडणार. सगळे हरखले. मी मात्र बांधाकडं बघितलं. तो पाऊस कुठं आणि किती पडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि निम्मा बांध मोठ्या पाण्यापुढं टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सोलापूरची कचेरी गाठली. विमान कधी येणार ते आधी कळवा, तोवर सांडवा खणून घेतो, असं साहेबांना विनवलं. त्यांच्याकडंही वेळापत्रक नव्हतं.

"सगळा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसलाय," ते म्हणाले, "आणि तुम्हाला पावसाची भीती वाटते?"

परत येऊन मी निम्मी माणसं सांडव्यावर लावली आणि पालं वर माळावर न्यायला सांगितलं. झरा लांब पडणार म्हणून बायका चिडल्या. त्यांची मुकादमीण पुढं झाली.

"पाऊस आला तर चांगलंच हाय की, सायेब. आमाला कशापायी हलवताय?"

"मला भ्या वाटतंय," मी म्हणालो.

ती मागं वळली. मग तिनं आधी स्वतःचं पाल उपटलं. बाकीच्या कुरकुरत मागं निघाल्या.

तिसऱ्या दिवशी विमान घिरट्या घालून गेलं. थेंबही पडला नाही. पुढं चार दिवस मी लोकांची नजर चुकवत होतो. पाचव्या दिवशी दुपारी मात्र पाऊस असा कोसळला, की तासाभरात बांधाचं पोट फुटलं आणि ओढ्यातल्या चुलींच्या जागेवरून पुरुषभर पाणी गेलं. माणूस एकही दगावला नाही. तीन महिन्यांची माती गेली.

मी पंचनामा लिहीत असताना साहेबांनी विचारलं, "पाऊस नैसर्गिक की कृत्रिम?" मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. मी नुसतं 'पाऊस' लिहिलं.

मुकादमिणीनं विमान परत येणार का, ते विचारून घ्यायला सांगितलं. मी कचेरीला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. आम्ही सांडव्यापासून पुन्हा सुरुवात केली. ढग दिसला, की सगळ्यांच्या कुदळी हातातच थांबत.