माझा चेहरा, तिची पल्स

"मॅडम, तुम्ही माह्यावर चिडून राहिल्या," पल्लवी म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली.

मी अजिबात चिडले नव्हते. पण ती आज दारातून गेली असती, तर तिची फाइल बंद होणार होती. बूढापारा वस्तीतल्या आमच्या क्लिनिकचे प्रमुख सर सकाळीच बजावून गेले होते, "दोनदा सेशन अर्धवट सोडून गेली. तिसऱ्यांदा गेली, तर दुसरीकडे पाठवा." याआधी दोन डॉक्टरांनी तिला असंच पाठवलं होतं. आणखी एकदा पाठवलं असतं, तर ती पुन्हा कुणाकडे गेलीच नसती.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पल्लवीला, हे नाव मी बदललंय, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. यात भावना पटकन भडकतात आणि निवायला वेळ लागतो. समोरचा आपल्याला सोडून देईल, एवढ्या शंकेनेही छाती धडधडते, हात गार पडतात. शरीर आधी पळायला निघतं, विचार मागून येतो. लोकांना वाटतं, नाटक करते.

ड्रॉवरमध्ये कोविडच्या काळातलं ऑक्सिमीटर पडलं होतं. "जायचं तर जा, पण आधी दोन मिनिटं बोट दे," मी म्हटलं. पल्स आली एकशे चोवीस. हे नाटक नव्हतं.

"मी चिडले, असं कशावरून वाटलं?"

"तुमचं तोंड पाहा ना. काहीच नसते त्याच्यावर."

मी चाट पडले. ऐकताना चेहरा कोरा ठेवायचा, हे आमच्याकडून घोटून घेतात. मला ते छान जमतं याचा मला गर्वच होता. आणि तिचं शरीर त्या कोऱ्या चेहऱ्यावर राग वाचत होतं.

"मी विचार करून राहिली होती," मी खरं ते सांगून टाकलं, "की तू बीरगांवहून उपाशीच निघाली असशील."

एकशे अठरा. एकशे सात. अठ्ठ्याण्णव. ती आकड्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. मग आपणहून बसली.

"अजून एकदा तसं तोंड करा बरं."

केलं. पुन्हा एकशे पंधरा. मनातलं सांगितलं, उतरली. मला इतका आनंद झाला की तिला बसवून मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळे आकडे सांगितले.

"एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले.

"नाही होत. पण ती अजून बसून आहे, सर."

फाइल उघडी राहिली.

पल्लवी आजही येते. आता पळण्याआधी विचारते. परवा घरी तिने विचारलं, "आई, तू माह्यावर चिडून आहे का?" आई म्हणाली, "नाही वं. भाजीत मीठ टाकलं का नाही, ते आठवून राहिली."

मीही आता पेशंटसमोर विचारात पडले, की तसं सांगून टाकते. कोऱ्या चेहऱ्याचं ट्रेनिंग अगदीच वाया गेलं नाही म्हणा. सरांच्या मीटिंगमध्ये उपयोगी पडतं.